बाळाच्या गालावरचे फिकट डाग: क्रीममुळे की एक्झिमामुळेच?

प्रश्न थोडक्यात असा. बाळ आठ महिन्यांचं आहे. चौथ्या महिन्यापासून दोन्ही गाल, हातांची बाहेरची बाजू आणि नडग्यांवर कोरडे, खाजरे चट्टे यायला लागले. डॉक्टरांनी एक्झिमा आहे असं सांगून मोमेटासोन या स्टेरॉइडचं क्रीम दिलं. गालांना आणि हातांना ते दिवसातून एकदा, सलग तीन आठवडे लावलं. नडग्यांवरचे चट्टे सौम्य होते म्हणून तिथे नुसतं मॉइश्चरायझर लावलं. खाज गेली, चट्टे बसले, पण आता तिन्ही ठिकाणी पांढुरके डाग दिसतात. घरात कुणी म्हणतं क्रीमने कातडी जाळली, कुणी म्हणतं हे कोड आहे. आईने घाबरून क्रीम बंद केलं आणि दहा दिवसांत गालांवर पुन्हा खरखर सुरू झाली. रंग परत येईल का, क्रीम पुन्हा लावावं का आणि हे कोड तर नाही ना, असे तीन प्रश्न आहेत.

तुम्ही सांगितलेल्या हकिगतीत एक गोष्ट फार मोलाची आहे, ती म्हणजे नडग्या. तिथे क्रीम लागलंच नाही आणि तरीही डाग फिकटच झाले. म्हणजे निदान नडग्यांपुरता तरी दोष क्रीमचा नाही, आणि गाल-हातांवरही बहुधा तेच घडलं असणार. बाळाला प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय छातीठोकपणे बोलता येत नाही, पण असे फिकट डाग घेऊन येणाऱ्या बाळांमध्ये बहुसंख्य वेळा ते एक्झिमाने मागे ठेवलेले असतात. क्रीमने दाह शमवला, वरची लाली आणि खपली गेली, तेव्हा खाली आधीच तयार झालेला फिकटपणा उघडा पडला. क्रीम लावलं आणि मग डाग दिसले, हा क्रम खरा आहे. पण त्या दोन गोष्टींत कार्यकारण आहे असं त्यावरून ठरत नाही.

हे कसं होतं ते थोडं समजून घ्या, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर अवलंबून आहेत. त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी रंगपेशी असतात. त्या मेलॅनिन तयार करतात आणि बारीक कणांच्या रूपात आजूबाजूच्या साध्या पेशींना देतात. एक रंगपेशी साधारण छत्तीस पेशींना रंग पुरवते. एक्झिमामध्ये त्या थरात सूज येते, पेशी एकमेकींपासून फाकतात, वरचा थर घाईघाईने तयार होऊन गळायला लागतो आणि हे कण पोचवण्याचं काम विस्कळीत होतं. रंगपेशी मेलेल्या नसतात, मेलॅनिन तयारही होत असतं, पण वरपर्यंत पुरेसं पोचत नाही. दाह थांबल्यावर हा पुरवठा आपोआप सुरू होतो, मात्र वरचा थर पूर्ण बदलायलाच सुमारे चार ते सहा आठवडे लागतात आणि रंग एकसारखा व्हायला असे अनेक फेरे जावे लागतात. म्हणून हिशोब महिन्यांचा असतो. गोऱ्या बाळांमध्येही हेच घडतं, फक्त तिथे फरक डोळ्यांत भरत नाही. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवर तो लांबूनही दिसतो, आणि म्हणूनच ही काळजी अशा त्वचेच्या बाळांच्या आईवडिलांना जास्त पडते.

आता स्टेरॉइडची बाजू. स्टेरॉइड क्रीमने त्वचा फिकट होतच नाही, असं मी म्हणणार नाही. होते, आणि ती दोन अगदी वेगळ्या प्रकारे होते.

पहिला प्रकार निरुपद्रवी आहे. क्रीम लावल्यावर काही तासांत तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि तेवढी जागा फिकट पडते. औषधाचा असर उतरला की हा फिकटपणा जातो. हा परिणाम इतका नेमाने होतो की १९६२ साली मॅकेन्झी आणि स्टाउटन या संशोधकांनी त्याचाच उपयोग करून स्टेरॉइडची ताकद मोजण्याची पद्धत मांडली. कोणतं क्रीम सौम्य आणि कोणतं तीव्र, ही आजची वर्गवारी बरीचशी त्याच चाचणीवर उभी आहे. सकाळी क्रीम लावलं, दुपारी गाल पांढुरका दिसला आणि दुसऱ्या दिवशी सारखा झाला, तर तो हा प्रकार.

दुसऱ्या प्रकारात स्टेरॉइड रंगपेशींचं कामच मंदावतं. तीव्र औषध, बरेच आठवडे आणि पातळ त्वचेची जागा या तीन गोष्टी जुळून आल्या की हे घडतं. त्याची एक खूण मी नेहमी शोधतो: फिकटपणा चट्ट्याच्या हद्दीबाहेर गेला आहे का? एक्झिमामुळे आलेला डाग जिथे चट्टा होता तिथेच असतो. क्रीममुळे आलेला फिकटपणा जिथे जिथे क्रीम पसरलं तिथे जातो, म्हणजे चट्ट्याभोवतीच्या कधीच न बिघडलेल्या त्वचेवरही. तुमच्याकडे आजाराच्या दिवसांतले फोटो असतील तर ते काढून आजच्या डागांशी ताडून पाहा. हाही फिकटपणा औषध थांबवल्यावर किंवा सौम्य केल्यावर बहुतेक वेळा हळूहळू भरून येतो.

पण मला खरी धास्ती रंगाची नसते, त्वचा पातळ होण्याची असते. म्हणून पालकांना मी सांगतो की रंग बाजूला ठेवा आणि आधी पोत बघा. दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, प्रकाश बाजूने पडेल असं बाळाला धरा. डागावरची त्वचा शेजारच्या त्वचेसारखीच मऊ आणि जाड वाटते का? चिमटीत हलकेच धरली तर तशीच येते का? असेल तर तो नुसता रंगाचा फरक आहे. त्याउलट ती चकचकीत, कागदासारखी सुरकुतणारी वाटत असेल, तिच्यातून केसासारख्या लाल रेघा दिसत असतील, मांडीत किंवा काखेत ताणल्यासारखे पट्टे उमटले असतील, गालावर लव वाढली असेल किंवा तोंडाभोवती बारीक लाल पुटकुळ्या आल्या असतील, तर ती स्टेरॉइड जास्त झाल्याची लक्षणं आहेत. अशा वेळी ज्यांनी औषध दिलं त्यांना लवकर दाखवा. यातलं बरंचसं सुधारतं. ताणाचे पट्टे मात्र पूर्ण जात नाहीत.

पोत बघण्याचा आणखी एक फायदा आहे. सावळ्या त्वचेवर एक्झिमाची लाली बऱ्याचदा लालसर दिसत नाही. ती तपकिरी, जांभळट किंवा राखाडी दिसते आणि दाह थोडा कमी झाला की नजरेला वाटतं, गेलं सगळं. बोटांना मात्र कळतं. डोळे मिटून बोटांची टोकं गालावरून फिरवा. बारीक वाळूसारखं काही लागलं तर एक्झिमा अजून आहे. फिकट डागावर पिठासारखा हलका कोंडा असेल तर तिथेही सौम्य दाह चालूच आहे, आणि तो चालू असेपर्यंत रंग भरणार नाही. तुमच्या बाळाच्या गालांची खरखर परत आली आहे, याचा अर्थ रंग परत येण्याचं घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. रंगाच्या भीतीने क्रीम अर्धवट सोडणं आणि त्यामुळे रंग आणखी लांबणं, हे मी सारखं पाहतो. ‘स्टेरॉइड’ हा शब्द ऐकला की लोकांच्या डोळ्यांपुढे व्यायामशाळेतले फुगवलेले दंड येतात, त्याने ही भीती आणखी वाढते. त्या औषधांचा आणि या क्रीमचा उपयोगाच्या दृष्टीने काही संबंध नाही.

तुमच्या क्रीमबद्दल स्पष्ट बोलतो. १९५२ साली हायड्रोकॉर्टिसोन पहिल्यांदा त्वचेवर यशस्वीपणे वापरलं गेलं, तेव्हापासून या कुटुंबात पुष्कळ भर पडली आहे. एक टक्का हायड्रोकॉर्टिसोन आणि डेसोनाइड हे सौम्य. मोमेटासोन बरंच वरच्या पायरीवर, देशागणिक त्याला मध्यम किंवा तीव्र गटात घालतात. बीटामेथासोन व्हॅलरेट तीव्र आणि क्लोबेटासोल अतितीव्र. आठ महिन्यांच्या बाळाच्या हातांवर मोमेटासोन थोडे दिवस दिलं तर मला खटकणार नाही. गालांवर सलग तीन आठवडे मात्र मला जास्त वाटतात. चेहऱ्यासाठी मी सहसा हायड्रोकॉर्टिसोनपासून सुरुवात करतो. कारण साधं आहे: प्रत्येक जागेची त्वचा औषध सारखं शोषत नाही. मोठ्या माणसांवर झालेल्या जुन्या मोजणीत हाताच्या तुलनेत कपाळाने सुमारे सहापट आणि जबड्याच्या कोपऱ्याने तेरापट हायड्रोकॉर्टिसोन शोषलं होतं. शिवाय बाळाचं वजन कमी आणि त्या मानाने त्वचेचा पसारा मोठा, त्यामुळे शरीरात जाणारा वाटाही मोठा. तरी तीन आठवड्यांत गाल कायमचा बिघडला असेल असं मला वाटत नाही. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांत त्वचा पातळ झाल्याची एकही खूण नाही.

मग क्रीम पुन्हा लावायचं का? खरखर आणि खाज परत आली असेल तर हो, उपचार हवा. पण कोणतं क्रीम आणि कुठे, हे डॉक्टरांशी बोलून नव्याने ठरवा. चेहऱ्यासाठी सौम्य आणि हातापायांसाठी गरजेनुसार वरचं, अशी दोन वेगळी औषधं मागा आणि ट्यूबवर मोठ्या अक्षरांत ‘गाल’, ‘हात’ असं लिहून ठेवा. रात्री झोपेत चुकीची ट्यूब हातात येणं फार सोपं असतं.

लावताना त्वचा गुळगुळीत होईपर्यंत रोज लावायचं. पुसट पुसट, आज लावलं उद्या विसरलं, असं केलं की आजार रेंगाळतो आणि एकूण औषध उलट जास्त लागतं. त्वचा गुळगुळीत झाली, खाज थांबली की स्टेरॉइड थांबवायचं आणि फक्त मॉइश्चरायझर चालू ठेवायचं. फिकट डागावर, तो मऊ असेल तर, स्टेरॉइड लावू नका. त्याने रंग येत नाही. काही बाळांना त्याच जागी दर आठ-पंधरा दिवसांनी चट्टा उठतो. त्यांच्यासाठी बरी झालेली जागा आठवड्यातून फक्त दोन दिवस क्रीम लावून राखण्याची पद्धत आहे. ती चांगली चालते, पण डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायची.

किती लावायचं हे सांगायला बहुतेक वेळा कुणाला सवड नसते, म्हणून इथे सविस्तर सांगतो. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकाच्या पेरावर, पहिल्या घडीपर्यंत, ट्यूबमधून एक रेघ काढा. ते साधारण अर्धा ग्रॅम क्रीम होतं आणि मोठ्या माणसाच्या दोन पंजांएवढ्या जागेला, बोटांसकट, पुरतं. बाळाचे दोन्ही गाल मिळून एक पंजाही भरत नाही, म्हणजे त्यांना अर्ध्या पेरापेक्षा कमी पुरे. तीन ते सहा महिन्यांच्या बाळाचा पूर्ण चेहरा आणि मान बिघडली असेल तर एक पेर, एका हाताला खांद्यापासून पंजापर्यंत एक पेर, एका पायाला दीड. वरणभाताएवढा जाड थर द्यायचा नाही, पण दोन ठिपके लावून सगळ्या गालावर ओढायचंही नाही. त्वचा हलकी ओलसर चमकेल इतकं लागलं की झालं. मॉइश्चरायझर आणि स्टेरॉइड एकावर एक लगेच फासू नका, मध्ये दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. आधी कोणतं, नंतर कोणतं याला फारसं महत्त्व नाही.

मॉइश्चरायझर दिवसातून निदान दोनदा, जमेल तर जास्त वेळा, बिनवासाचं, सगळ्या अंगाला. सगळ्या अंगाला नीट लागत असेल तर आठवड्याला शंभर ग्रॅम किंवा त्याहून जास्त संपतं. महिनाभर एकच छोटी ट्यूब पुरत असेल तर लागतंय ते अपुरं आहे. अंघोळ कोमट पाण्याची, आटोपशीर, आणि टिपून पुसल्यावर त्वचा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर.

स्टेरॉइडशिवायची औषधंही आहेत आणि चेहऱ्यासाठी ती मला आवडतात. पिमेक्रोलिमस आणि टॅक्रोलिमस दाह कमी करतात आणि त्वचा पातळ करत नाहीत. सुरुवातीचे काही दिवस थोडी जळजळ होऊ शकते. कोणत्या वयापासून वापरायची याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. पिमेक्रोलिमस युरोपात तीन महिन्यांच्या बाळापासून चालतं, अमेरिकेत अधिकृत मान्यता दोन वर्षांपासून आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २४१८ बाळांना पाच वर्षं पिमेक्रोलिमस किंवा सौम्य ते मध्यम स्टेरॉइड दिलं होतं. दोन्ही गटांत आजार आटोक्यात राहिला आणि रोगप्रतिकारशक्तीवर परिणाम दिसला नाही. नीट वापरलेल्या सौम्य स्टेरॉइडबद्दलही मी निर्धास्त असतो त्याचं हे एक कारण.

माझा राग आहे तो दुसऱ्याच ट्यूबांवर. एकाच नळीत तीव्र स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक कोंबलेली मिश्रणं कुणाच्या तरी सल्ल्याने घरात येतात आणि डायपरखालच्या पुरळापासून गालांपर्यंत सगळीकडे लागतात. डायपर म्हणजे औषध आत कोंडून धरणारं झाकणच. क्लोबेटासोलसारखं औषध तिथे आठवडेच्या आठवडे लावल्याने बाळाचा चेहरा गोल सुजणं, वाढ खुंटणं, शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तयार होणं मंदावणं, असे प्रकार वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले आहेत. घरात अशी ट्यूब असेल आणि ती बरेच आठवडे वापरली गेली असेल तर एकदम बंद न करता आधी डॉक्टरांना सांगा.

रंग यायला किती वेळ? एक्झिमा पूर्ण शांत राहिला तर काही आठवड्यांत कडा पुसट व्हायला लागतात, आणि बरेचसे डाग तीन ते सहा महिन्यांत मिसळून जातात. काहींना वर्षही लागतं. मध्ये चट्टा पुन्हा उठला तर मुदत वाढते. उन्हाळ्यात डाग जास्त पांढरे दिसतात म्हणून आया घाबरून येतात. तिथे डाग तेवढाच असतो, भोवतालची त्वचा उन्हाने काळवंडलेली असते. सहा महिन्यांखालच्या बाळाला थेट ऊन टाळायचंच. त्यापुढे सावली, टोपी, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि लागलं तर बाळांसाठीचं सनस्क्रीन. रंग यावा म्हणून बाळाला मुद्दाम उन्हात ठेवणं, तेलं किंवा लेप चोळणं, हे करू नका. चोळण्याने एक्झिमा भडकतो आणि भडकला की पुन्हा फिकट डाग पडतो. रोज आरशासमोर धरूनही काही कळणार नाही. पंधरा दिवसांनी एक फोटो, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी काढा.

कोडाबद्दल. पहिल्या वर्षात कोड सुरू होणं दुर्मीळ आहे. कोडाचा डाग खडूसारखा शुभ्र असतो, कडा रेखीव, वर कोंडा नाही, आणि आधी तिथे खाजरा चट्टा असण्याची गरज नाही. डोळ्यांभोवती, ओठांभोवती, बोटांच्या टोकांवर तो जास्त येतो, कधी त्यावरचे केसही पांढरे होतात. एक्झिमानंतरचा डाग पांढुरका असतो, पूर्ण रंगहीन नसतो, आणि कडा शेजारच्या त्वचेत विरघळलेल्या असतात. शंका असेल तर त्वचारोगतज्ज्ञ अंधाऱ्या खोलीत वूड्स लॅम्पखाली, म्हणजे अतिनील प्रकाशाच्या दिव्याखाली, बघतात. कोड तिथे निळसर पांढरं झळकतं, एक्झिमानंतरचा डाग तसा झळकत नाही. दोन मिनिटांची, न दुखणारी तपासणी आहे, घरातल्या चर्चेपेक्षा ती बरी.

आणखी काही गोष्टी फिकट डागासारख्या दिसतात. जन्मापासून किंवा पहिल्या काही महिन्यांपासून एकाच जागी असलेला, बाळाबरोबर वाढणारा, कधी न खाजणारा डाग हा बहुधा जन्मखुणेचा प्रकार. मात्र लांबट पानासारखे, पाच मिलिमीटर किंवा मोठे असे तीन किंवा अधिक डाग असतील तर बालरोगतज्ज्ञांना नक्की दाखवा, कारण ट्यूबरस स्क्लेरोसिस या त्वचेबरोबर मेंदूवरही परिणाम करणाऱ्या जनुकीय आजाराची ती खूण असू शकते. त्यासोबत बाळ अचानक दचकून वाकल्यासारखे झटके देत असेल तर त्याच दिवशी जा. कडेने पसरत जाणारा गोल चट्टा ही बुरशी असू शकते. ती स्टेरॉइडने तात्पुरती दबते आणि मग आणखी पसरते.

रंगाचा संबंध नसलेली, पण एक्झिमाच्या प्रत्येक घरी माहीत असावी अशी एक गोष्ट: चट्ट्यावर एकाएकी एकसारख्या आकाराचे बारीक फोड किंवा टोचून काढल्यासारखे गोल व्रण उठले, बाळ तापलं, दूध सोडलं, तर थांबू नका, तो विषाणूचा संसर्ग असू शकतो आणि तातडीचा असतो. पिवळसर चिकट खपल्या आणि वाढती सूज असेल तर जंतुसंसर्ग, तोही लगेच दाखवायचा.

पुढच्या भेटीला जाताना आतापर्यंत लावलेली प्रत्येक ट्यूब सोबत न्या, संपलेलीसुद्धा, आणि ती कधी उघडली ते सांगा. तुम्ही सांगितलेल्या जागांना दिवसातून एकदा योग्य मापात लावलं असेल तर पंधरा ग्रॅमची ट्यूब साधारण तीन आठवडे जायला हवी. आठवड्यात संपली असेल तर लावलं जास्त. तीन आठवड्यांनंतरही अर्ध्याहून जास्त उरली असेल तर औषध त्वचेला पुरेसं मिळालंच नाही, आणि मग चट्टे परत का आले याचंही उत्तर तिथेच मिळेल.